तारेने तीन तास, बसने पाच

सोमवार, ९ एप्रिल २०१२

गोदा, रागावू नकोस. बुधवारी बस हलताना तू खिडकीतून सांगितलंस, "रोज काय झालं ते लिहून ठेवा, आल्यावर वाचून दाखवा," आणि आज सोमवार उजाडला तरी मी वहीला हात लावला नव्हता. उशीर झाला, माफ कर. रोज वही घेऊन बसायचो, पण पहिलं वाक्य काय लिहावं तेच सुचायचं नाही. सातवीनंतर मी दवाखान्याच्या रजिस्टरात नाव, गाव, वय यापलीकडे काही लिहिलेलंच नाही.

घरचं ठीक आहे. दूध दोनदा उतू गेलं. दवाखान्याचा चौकीदार चुडामण आज गेटावरच म्हणाला, "काय शालिग्राम, वहिनी गेल्यापासून रोज दूध जाळून राह्यला की काय? सदऱ्याला वास येतो तुझ्या." मी म्हटलं, तुझ्या बिडीचा येत असेल. हसलो, पण हसू काही आलं नाही.

आता खरी गोष्ट. आपल्या श्रीकांतचा दुपारी इंदूरहून फोन आला. तुझ्या छातीत उजवीकडे जो डाग दिसला, त्याबद्दल तिथले डॉक्टर म्हणतात, जुना फोटो दाखवा. डाग सहा वर्षांपूर्वीही एवढाच असेल तर हात लावायचा नाही, औषधं देऊन घरी पाठवायचं. नवा असेल तर छाती उघडायची. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदाच येतात, ते या शुक्रवारी येणार. त्यात तुझं हृदय कमजोर, भूल सोसेल की नाही याची त्यांनाही खात्री नाही. म्हणजे सगळं त्या जुन्या फोटोवर आलं.

२००६ सालचा तो एक्स-रे मीच काढायला लावला होता, आपल्या गावातल्याच लालबागच्या दवाखान्यात. "श्वास रोखा, गोदाबाई," असं मी तुला सगळ्यांसमोर म्हटलं आणि तू लाजलीस. त्याची फिल्म घरी होती. ती २००९ च्या ग्रहणाला आपणच कात्रीने कापून गल्लीत वाटली, सूर्य बघायला. त्या दिवशी आभाळ होतं, कोणाला काही दिसलंही नाही. ती फिल्म आज असती तर! दुपारपासून हेच डोक्यात आहे.

पण दवाखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो फोटो आहे. असलाच पाहिजे.

मंगळवार, १० एप्रिल

फोटो आहे, पण एकटा नाही. जुन्या कंपनीचा प्रोग्राम मार्चअखेर बंद पडला, कारण एक तारखेपासून आपला दवाखाना इंदूरच्या मोठ्या संस्थेत विलीन झाला. सगळ्या पेशंटांचे फोटो आता एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत. त्यातून तुझा एक बाजूला काढता येत नाही. गाठोडं सोडवायचा प्रोग्राम इंदूरलाच आहे. तू ज्या दवाखान्यात आहेस तोही त्याच संस्थेचा, म्हणून पूर्ण गाठोडं तिकडे पोचलं की पाच मिनिटांत तुझा फोटो डॉक्टरांच्या टेबलावर.

लालबागच्या नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो नंदकुमार, त्याला बोलावलं. त्याने डबा उघडून आतली डिस्क दाखवली. जुन्या पद्धतीची, रुंद पट्टीच्या वायरीची. तिच्यावर १०० लिहिलेलं.

"काका, सेकंदाला शंभर मेगा. ही हिची स्पीड."

"खरंच एवढी चालते?"

"पाटीवरची स्पीड कोण चालवतं? तुम्ही लूमवर होता ना, तुम्हाला माहीत."

अकरा वर्षं मी पॉवरलूमवर होतो, मला माहीत आहे. म्हणून म्हटलं, चालवून दाखव. त्याने स्वतःची एक डिस्क लावली आणि गाठोडं तिच्यावर उतरवलं. गाठोडं अठरा हजार मेगाचं. शंभराने तीन मिनिटांत व्हायला हवं होतं, घड्याळ लावून बारा मिनिटं लागली. म्हणजे शंभरची पाटी, पंचवीसची चाल. हे मी कागदावर मांडलं आणि नंदकुमार म्हणाला, "वा काका, इंजिनियर!"

मग त्याने टेबलावरची दुसरी वायर दाखवली. संस्थेने इंदूरशी जोडायला नवी लाइन घेतली आहे, तिच्या कागदावर लिहिलंय सेकंदाला दोन मेगा. मी लगेच भागाकार केला. अठरा हजार भागिले दोन, नऊ हजार सेकंद, म्हणजे अडीच तास. वर केळीच्या वजनकाट्यावर धरतात तशी घट धरली अर्ध्या तासाची. तीन तास. नंदकुमारला दाखवणार होतो, पण तो फोनवर होता. उद्या दापोऱ्याला त्याच्या मेहुण्याचं लग्न, निघायच्या घाईत होता.

श्रीकांतला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, कॉपी झालीच आहे तर ती डिस्क बसने पाठवा ना. मी स्टँडवर घ्यायला येतो. पाच तासांचा रस्ता."

"बसने पाच तास, तारेने तीन. आणि डिस्क रस्त्यात पडली-फुटली तर?"

"पक्कं ना बाबा, तीन तास?"

"मांडून बघितलंय मी."

आणखी एक कारण होतं, ते त्याला सांगितलं नाही. संस्थेचे दिगंबर साहेब मागच्या आठवड्यात येऊन मशीनला लावायला कागदी सील देऊन गेले होते, ते लावायचं राहिलं होतं. त्यांचं पत्र भिंतीवर आहे : रेकॉर्डची कोणतीही प्रत बाहेर जाणार नाही, जाईल ते लाइनने. मी त्यांना फोन करून विचारलंही. ते म्हणाले, "शालिग्रामजी, पेशंटची गोष्ट वेगळी आणि नियम वेगळा. लाइन दिली आहे ना तुम्हाला? मग लाइन वापरा." आवाज चढवला नाही, पण मी 'हो साहेब' म्हणून फोन ठेवला. अडुसष्टाव्या वर्षी मला त्यांनी ठेवलंय तेच दयेवर.

म्हणून नंदकुमारची कॉपी मी माझ्यासमोर पुसायला लावली. तो दोनदा म्हणाला, "राहू द्या ना काका, कुठं खायला मागते?" मी म्हटलं, नाही, पूस. मग डबा बंद करून घेतला आणि स्क्रूंवर सील लावून टाकलं.

बुधवार, ११ एप्रिल

सकाळी सात ते नऊ लाइट जाते, दुपारी एक ते तीन. मधले चार तास आपले. तीन तासांच्या कामाला चार तास, म्हणजे पुष्कळ झाले. नऊ वाजून दहा मिनिटांनी नंदकुमारने लिहून दिल्याप्रमाणे बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. चुडामणला म्हटलं, बाराला ये, पेढे खाऊ.

साडेदहाला बघितलं, शंभरात सहा. वाटलं सुरुवातीला हळू असेल, लूमही आधी गरम व्हावा लागतो. साडेअकराला अकरा. बाराला चौदा.

चुडामण आला. "कुठंयत पेढे?"

"थांब जरा."

"तुझी पट्टी गोगलगाय होऊन राह्यली रे. माझी म्हैस याच्यापेक्षा लवकर पान्हा सोडते."

एकच्या सुमाराला गल्लीतले लूम एकदम बंद पडले. एवढा मोठा आवाज थांबला की कान दुखतात, तसे दुखले. दिवे गेले. कॉम्प्युटरखालची बॅटरी पंधरा मिनिटं चालली आणि तिनेही मान टाकली. तीनला लाइट आली तेव्हा पडद्यावर पट्टी पुन्हा शून्यावर. जिथं थांबलं तिथून पुढे जात नाही, पहिल्यापासून सुरू होतं. सहाला दवाखाना बंद करेपर्यंत शंभरात पंधरा.

लाइनच खराब आहे. दुसरं काही असणं शक्य नाही. वायर जिथून भिंतीत जाते तिथं उंदरांनी कुरतडलेलं दिसलं, त्यावर चिकटपट्टी लावली.

श्रीकांतला सांगितलं, लाइनमध्ये बिघाड आहे, उद्या नक्की.  मागून तुझ्या खोकल्याचा आवाज आला. तू पाणी पितेस ना नीट?

गुरुवार, १२ एप्रिल, दुपार

टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन लाइनमनला घेऊन आलो. त्याने मोबाइलएवढं यंत्र लावलं, बघितलं.

"चाचा, लाइन एकदम ठीक आहे. दोनची दोन येऊन राह्यली. पूरी."

"मग माझं काम का होत नाही?"

"कामाचं मला काय माहीत? लाइनचं सांगितलं."

मी त्याला अडीच तासांचा कागद दाखवला. त्याने बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, उन्हात अजून सात ठिकाणी जायचंय. तो खोटं बोलला असं मला वाटतं. पूरी येत असती तर आज बारापर्यंत काम संपलं असतं. आज नऊला सुरू केलं होतं, एक वाजता शंभरात वीस. मग लूम थांबले.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तुझ्यापासून मी काही लपवलेलं नाही. मी आज दुपारी नव्याने मांडून बघितलं, याच चालीने पूर्ण व्हायला किती लागेल. वीस तास आले. अडीचचे वीस! एवढा फरक उंदराच्या एका दाताने पडतो का? मी कागद उलटा ठेवला. वीस तास लाइट कधी राहतच नाही, म्हणजे ही लाइन असं काम करायलाच बनलेली नाही, आणि संस्थेने एवढी मोठी लाइन उगाच घेतली नसेल. म्हणजे माझी लाइनच बिघडली आहे.

नंदकुमारला अकरा वेळा फोन लावला. दापोऱ्यात त्याचा मोबाइल लागत नाही.

गुरुवार, संध्याकाळ

श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी खोटं बोललो. "किती गेलं?" त्याने विचारलं आणि मी म्हटलं, "अर्धं."

"बाबा, डॉक्टर विचारत होते. फोटो रात्रीत येत असेल तर ते सकाळी आधी तो बघतील. नाही आला तर सातला पहिलं ऑपरेशन आईचं. महिनाभर थांबणं त्यांना बरोबर वाटत नाही."

"येईल."

"आता काढता येत नाही का डिस्क? रात्रीची नऊची बस आहे. तुम्ही स्वतः या घेऊन."

मी म्हटलं, सील आहे. तो म्हणाला, "बाबा, सील कागदाचं आहे."  शेवटी त्याने तुला फोन दिला. तू म्हणालीस, "जेवलात का?" आणि मी हो म्हटलं. तेही खोटं होतं.

फोन ठेवल्यावर मशीनसमोर बसलो. डब्याला मागे चार स्क्रू आहेत, दोनांवर सीलचा कागद आहे. पेचकस टेबलावर आणून ठेवला होता. चुडामण दारातून म्हणाला, "खोल ना. मी काही बघितलं नाही." मी पेचकस उचलला, खाली ठेवला. दिगंबर साहेबांना परत फोन लावला, त्यांनी उचलला नाही. चुडामणने त्याच्या जबाबदारीवर रात्रभर दार उघडं ठेवायचं कबूल केलं, म्हणून सहाला नवीन पट्टी सुरू केली. सकाळी सातपर्यंत तेरा तास आहेत. माझ्या हिशोबाने तीनच लागायला हवेत. आज लाइनवर गर्दी कमी, आज जाईल.

शुक्रवार, १३ एप्रिल, सकाळ साडेआठ, बस स्टँड

बाकावर बसून लिहितो. अक्षर सांभाळून घे.

सहाला नंदकुमार धावत आला. लग्नाच्या कपड्यांतच होता, गावाबाहेर आल्यावर त्याला माझे अकरा फोन दिसले. पट्टी तेव्हा साठावर होती. मी त्याच्या हातात कागद दिला. त्याने तो एकदाच बघितला आणि खुर्चीत बसला.

"काका, हे तुम्ही मला मंगळवारी का नाही दाखवलं?"

"तू फोनवर होतास. काय चुकलं? भागाकार बरोबर आहे."

"भागाकार बरोबर आहे." त्याने कागद टेबलावर सपाट केला. मग म्हणाला, "तुम्ही केळीच्या काट्यावर गेलात आणि एकाने सांगितलं माझ्याकडे शंभर, दुसऱ्याने सांगितलं माझ्याकडे दोन. शंभर काय, दोन काय, ते विचाराल ना? मेगा दोघंही लिहितात, पण डिस्कवाले फण्या मोजतात काका, म्हणजे बाइट. तारवाले सुटी केळी मोजतात, म्हणजे बिट. एका फणीत आठ केळी. नेहमी आठच. तुमच्या अठरा हजार फण्या आहेत आणि तार सेकंदाला दोन केळी नेते."

आठ. अडीच गुणिले आठ. काल कागद उलटा ठेवला त्यावर वीसच होते.

गोदा, लाइनमनने खरं सांगितलं होतं. उंदरांनी काही केलं नव्हतं. वीस तास आणि पाच तास असं मंगळवारी माझ्यासमोर असतं तर मी बसच म्हटली असती ना? सील असलं तरी म्हटली असती. असं मला वाटतं. पुसलेली कॉपी मंगळवारी रात्रीच तुझ्याजवळ पोचली असती.

सील मी स्वतः फाडलं. नंदकुमारने डिस्क काढून पुन्हा त्याच्या डिस्कवर कॉपी केली. बारा मिनिटं. सातला पाच कमी असताना झाली. श्रीकांतला फोन लावत होतो, थांबवा म्हणून. घंटी जायची, तो उचलायचा नाही. दवाखान्यात मोबाइल बंद करायला लावत असतील.

डिस्क माझ्या मांडीवर आहे, गमछ्यात गुंडाळून. इंदूरची बस दहाची. तीनपर्यंत पोचेन. सातला खरंच सुरू करणार नाहीत, मोठे डॉक्टर आहेत, त्यांना यायला उशीर होतच असेल. मुंबईची माणसं.

शुक्रवार, दुपार

आनंदाची बातमी आधी लिहितो. तू घरी येतेस!

पावणेदहाला बस लागली होती, मी पायरीवर पाय ठेवला आणि श्रीकांतचा फोन आला. "बाबा, कुठे आहात?"

"बसमध्ये चढतोय. डिस्क आणतोय. डॉक्टरांना म्हणावं तीनपर्यंत—"

"चढू नका."

"अरे पण फोटो—"

"बाबा, आता घाई नाही. आता त्याची गरज नाही. तुम्ही घरी जा. कोणाला तरी सोबत घ्या. मी गाडी केली आहे, चार-पाचपर्यंत येतो."

"आणि आईला तिथं कोणाजवळ सोडून येतोस?"

तो म्हणाला, "आईला घेऊनच येतोय."

त्याचा आवाज बसला होता. नऊ दिवस तिथल्या दवाखान्याच्या थंड हवेत, झोप नाही, बसणारच. मी आणखी विचारायच्या आत फोन कट झाला. पण मला कळलं. फोटोची गरज नाही म्हणजे डॉक्टरांनी दुसऱ्या कशावरून तरी ओळखलं की डाग जुना आहे. ऑपरेशन टळलं. नाहीतर कापल्यावर कोणी त्याच दिवशी घरी सोडतं का? आठ-आठ दिवस ठेवतात, मी चौतीस वर्षं दवाखान्यात आहे.

येताना तुझ्यासाठी मोसंबी घेतली. पलंगावर धुतलेली चादर घातली, उशी खिडकीच्या बाजूला ठेवली, तुला वारा लागतो म्हणून.

चुडामण दुपारची पाळी सोडून आला. मी म्हटलं, "अरे, वहिनी येऊन राह्यली तुझी, आता कर थट्टा." त्याने थट्टा केली नाही. पाणी भरून ठेवलं, दोन्ही बादल्या, आणि माझ्याजवळ बसला.  त्याला म्हटलं, सील फाडल्याचं भोगावं लागेल मला, तुझं नाव घेणार नाही. तो म्हणाला, "ते सोड रे शालिग्राम." आणि तोंड फिरवलं.

शुक्रवार, साडेतीन

शेजारच्या धुरपदाबाई आल्या आणि काही न विचारता ओटा धुऊन गेल्या. मी म्हटलं, कशाला, मी धुतला असता. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांच्या घरी सकाळपासून चूल पेटलेली दिसत नाही, नंदकुमारच्या बायकोने त्यांच्या पोरांना जेवायला नेलं.

आता दारासमोर आठ-दहा माणसं उभी आहेत. गल्लीतले लूम तीनला लाइट येऊनही सुरू झाले नाहीत. मी चुडामणला विचारलं, आज सुट्टी कसली? तो म्हणाला, "बस तू. उभा राहू नको." कोणी चटया आणून पसरल्या. तू येतेस हे सगळ्यांना कोणी सांगितलं? मी तर कोणाला बोललो नाही. एवढी माणसं तुला त्रास देतील, तुला आल्याबरोबर पडायला हवं. मी एकाला म्हटलंही, आजारी माणूस येतंय, गर्दी करू नका. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

  मी सकाळपासून चहावर आहे.

गोदा, एवढी वही मी तुला वाचून दाखवीन. आठचं सगळ्यात आधी सांगीन, मग तुला काय बोलायचं ते बोल. पण तुम्ही कुठवर आलात? श्रीकांतचा फोन घंटी जाऊन बंद होतो. खंडवा गेलं का? तू गाडीत मागे झोपली असशील, त्याला उठव. त्याच्या हातातून फोन घे आणि तूच बोल, एक शब्द बोल, जेवलात का एवढं विचार, म्हणजे मला कळेल. लवकर निरोप दे. चार वाजत आलेत.